टॅटू, भिकबाळी आणि रक्तदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिवजयंती किंवा गणेशोत्सव जवळ आला की एकीकडे राजमुद्रेच्या टॅटूवर सवलतीचे फलक लागतात आणि दुसरीकडे रक्तदान शिबिरांचे मांडव पडतात. दोन्हीकडे दिसणारी मुले बहुधा तीच असतात. रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून नोकरी करताना, शर्टाची बाही मनगटापर्यंत ओढून अर्जातल्या टॅटूच्या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिणारे तरुण मी पाहिले आहेत. त्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार टॅटू काढल्यावर किंवा अंग टोचून घेतल्यावर 12 महिने रक्तदान करता येत नाही. याचे कारण असे की, दूषित सुईतून हिपॅटायटिस (यकृताला सूज आणणारा आजार) बी, सी किंवा एचआयव्हीच्या विषाणूचा शिरकाव झाला, तरी सुरुवातीच्या काळात तो तपासणीतही निसटू शकतो.

हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. जत्रेतल्या गोंदणाऱ्याने सुई नवी घेतली, तरी शाईची तीच वाटी आणि रक्त पुसायचे तेच फडके दिवसभर चालत असेल, तर त्या नव्या सुईचा उपयोग काय? बीवर निदान लस आहे, पण ती सरकारी लसीकरणात देशभर पोहोचायला 2011 उजाडले आणि त्यामुळे आज विशीत असलेल्या अनेकांना ती मिळालेलीच नाही. सीवर तर लसच नाही.

भिकबाळीची हौस वाढली आहे, त्याविषयीही लिहायला हवे. सोनाराने बाळाच्या कानाची पाळी टोचणे वेगळे आणि कानाचा वरचा भाग टोचणे वेगळे. तिथे कूर्चा (लवचिक, मऊ हाड) असते, तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, म्हणून एकदा पू धरला की औषधाची मात्रा तिथवर नीट पोहोचत नाही आणि कूर्चा झडली तर कान कायमचा वेडावाकडा होतो. टोचायच्या प्लास्टिकच्या गनला ऑटोक्लेव्हची (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची) उष्णता सोसत नाही, त्यामुळे ती नुसती स्पिरिटने पुसून पुढच्या गिऱ्हाइकाला लावली जाते.

युरोपीय महासंघाने 2022 पासून टॅटूच्या शाईतील हजारो रसायनांवर निर्बंध घातले. आपल्याकडे इतक्यात तसे होईल, अशी आशा मी करत नाही. परंतु नगरपालिकांनी अशा दुकानांची नोंदणी सक्तीची करून ऑटोक्लेव्ह आणि सुयांच्या विल्हेवाटीची तपासणी करावी, तसेच ‘वर्षभरात टॅटू काढला असल्यास यंदा रक्तदान नको’ ही ओळ मंडळांनी शिबिराच्या फलकावरच छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ, सातारा