मागच्या खोलीसाठी खुर्च्या आणि दोन माणसे हवी आहेत

वाचनालयाच्या सर्व सभासदांना,

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटाला (दारू सोडू पाहणाऱ्यांनीच एकमेकांच्या आधारासाठी चालवलेला गट) दर गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ आपली मागची खोली भाड्याने द्यायचे ठरले आहे. 'चांगल्या कामाला भाडे कसले?' असे अनेकांनी विचारले. भाडे देण्याचा आग्रह गटाचाच आहे आणि तो जुना आहे.

मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन धंद्याच्या कामाला ओहायोतल्या अ‍ॅक्रनला आला होता. काम फसले. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले, आणि हॉटेलातला बार समोर. त्याने चर्चमध्ये फोन लावून बोलायला दुसरा दारुडा शोधला. भेटले डॉ. बॉब स्मिथ. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर सहा तास बसले, कारण विल्सनने उपदेश केला नाही, स्वतःचेच सांगितले. त्याआधी तो महिनोन्‌महिने लोकांना उपदेश करत होता, आणि एकाचीही सुटली नव्हती. (व्याख्याते, कीर्तनकार सुचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) डॉक्टरांचा शेवटचा घोट १० जूनचा, तोच चळवळीचा जन्मदिवस मानतात.

१९३८ मध्ये या कामासाठी अमेरिकेतले धनाढ्य रॉकफेलर यांच्याकडे ५०,००० डॉलरची शिफारस गेली. त्यांनी ५,००० दिले. जास्त पैशाने हे काम नासेल असे त्यांचे मत होते. त्यातले ३,००० डॉक्टरांच्या घराच्या कर्जातच गेले. पुढे १९४८ मध्ये मृत्युपत्राने आलेले १०,००० डॉलर हात आखडलेला असतानाही विश्वस्तांनी नाकारले. चळवळीच्या बारा परंपरांतली, म्हणजे नियमांतली, सातवी ती हीच: खर्च सभासदांच्या थैलीतूनच, बाहेरची देणगी नाही.

तेव्हा देणगी वाचनालयाच्या नावे द्या, पावती घ्या. हवे ते असे: एकात एक बसणाऱ्या २० प्लास्टिक खुर्च्या (गोल मांडायच्या, म्हणून बाके नकोत), दोन ट्यूबलाइट, रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदा, तीन लिटरची चहाची किटली. जुने अंक माळ्यावर चढवायला रविवारी सकाळी चार जण पुरतील.

सगळ्यात गरज आहे ती किल्ली सांभाळणाऱ्या दोघांची. दोघे अशासाठी की एक गावाला गेला तरी कुलूप उघडलेच पाहिजे. पहिल्यांदा धीर करून आलेल्याला कुलूप दिसले, तर तो बहुधा पुन्हा येत नाही. याच कारणाने गणपतीत, निवडणुकीतही ही वेळ दुसऱ्या कुणाला मिळणार नाही. किल्लीवाल्याने दार उघडून निघून जायचे. आत डोकवायचे नाही, नावे विचारायची नाहीत, वहीत सही घ्यायची नाही. गल्लीतला कॅमेरा दाराकडून वळवायचा आहे. वायरमन कुणी असल्यास कळवा.

आणखी एक. गट म्हणजे दवाखाना नव्हे. रोज पिणाऱ्याला घरच्यांनी एकदम बंद करायला लावून थेट इथे पाठवू नये. पहिल्या काही दिवसांत थरथर, फिट, भास, बरळणे होऊ शकते; त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर, मग गुरुवार.

वस्तू संध्याकाळी सहा ते आठ ग्रंथपालांकडे द्याव्यात.

– कार्यकारी मंडळ