पाणी आणायला, मोजायला नाही

मामा,

हे पत्र तुमच्या हातात दिलं असतं तर तुम्ही घडी करून खिशात ठेवलं असतं आणि म्हणाला असतात, "कशाला मॅडम एवढं." म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमची नात मोबाईलवर वाचून दाखवेल तेव्हा मध्येच उठून जाऊ नका. शेवटपर्यंत ऐका.

परवा पहिल्या वर्षाच्या मुलांना घेऊन गोदावरीवर गेले होते, नेहमीसारखं नाशिकमधलं पाणी तपासायला. आनंदवल्लीपासून सुरुवात केली. मग गाडगे महाराज पूल, मग तपोवन, आणि शेवटी दसक. नेहमीचीच ठिकाणं. एका मुलीने पाण्यात बाटली बुडवली, तिरकी धरून हळूहळू भरली, बुडबुडा राहू दिला नाही आणि गळ्याशी लोंबणारं बूच दोऱ्याला धरूनच वर घेतलं, बसवलं, अर्धा पीळ दिला. कुणी सांगितलं नव्हतं तिला. दोरा होता म्हणून हात आपोआप तसा गेला. मी काठावर उभी होते आणि माझ्या घशाशी आवंढा आला. मुलांना वाटलं मॅडमना वास सहन होत नाहीये.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आमची प्रयोगशाळा रिकामी केली गेली, हे तुम्हाला माहीत आहे. खोली दुसऱ्या कामाला हवी होती. मला फोनसुद्धा केला नाही कुणी. मी पर्यावरण विभागाची प्रमुख, आणि मला ते कळलं सुट्टीनंतर कुलूप उघडल्यावर. टेबलं नाहीत, फळ्या नाहीत. जिन्याखाली सहा गोण्या. त्यात ब्युरेट, पिपेट, फ्लास्क, बीओडीच्या, म्हणजे पाण्यातली घाण मोजायच्या, साठ बाटल्या आणि साठ बुचं, सगळं एकत्र भरलेलं, तळाला काचेचा चुरा. नोंदींच्या जुन्या वह्या रद्दीत गेल्या होत्या. त्यात 2015 च्या सिंहस्थातली वही होती. स्नानाच्या आधी, स्नानाच्या दिवशी आणि नंतर त्याच त्या ठिकाणांचं पाणी आमच्या मुलांनी तपासलं होतं, गर्दीतून वाट काढत. 2027 ला पुन्हा सिंहस्थ आहे आणि तुलना करायला ती वही हवी होती. ती परत मिळाली नाही. रद्दीवाल्याकडे दोनदा जाऊन आले. त्या माणसाने बिचाऱ्याने अर्धं दुकान उलथंपालथं केलं माझ्यासाठी.

पण माझ्याच माणसांनी काय केलं? कार्यालयात गेले तर डेडस्टॉक रजिस्टर समोर ठेवलं. बाटल्या साठ, बुचं साठ, मोजून घ्या, काही कमी नाही. मी सांगत राहिले की या बाटलीला तिचंच बूच लागतं. दोन्ही काचा एकमेकींवर घासून बसवलेल्या असतात, एकीचं बूच दुसरीला घट्ट बसेलच असं नाही. पूर्वी बाटलीवर आणि बुचावर एकच नंबर होता, तो धुऊन धुऊन पुसला गेलाय. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॅडम, बूच ते बूच." दुसऱ्याने नवीन मागवायचा अर्ज द्यायला सांगितलं, तो अर्ज अजून फिरतोय. आणि एका वरिष्ठांनी, ज्यांची भाषणं दर 5 जूनला, पर्यावरण दिनी, मुलांना टाळ्या वाजवून ऐकावी लागतात, मला बाजूला घेऊन सांगितलं की एवढा त्रास कशाला करून घेता, या महिन्याचे आकडे मागच्या वर्षीचे बघून भरा, नदी काय एका वर्षात बदलते का.

मामा, त्या दिवशी मी घरी जाऊन रडले होते. आज पहिल्यांदा सांगतेय.

हा विभाग चालवणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये सांगितलं की पर्यावरण हा विषय प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीने शिकवा. मग तो अभ्यासक्रमात आला आणि सगळ्यांनी तो 'पास व्हायचा पेपर' करून टाकला. माझ्याकडे तासिका तत्त्वावरचे दोन प्राध्यापक आहेत. त्यांच्या मानधनासाठी मीच दर महिन्याला कार्यालयात खेटे घालते. शंभर-शंभर मुलांचे वर्ग, त्यांचे प्रकल्प, कॉलेजच्या मूल्यांकनासाठी नॅकच्या फायली. या सगळ्यात खरं काम म्हणावं असं एकच आहे, दर महिन्याला नदीवर जाणं आणि जे असेल ते लिहून ठेवणं. तेच बंद पडत होतं.

तुम्ही आला होतात तुमच्या सेवापुस्तकाची प्रत घ्यायला. निवृत्त होऊन तुम्हाला चार वर्षं झाली होती, आणि नोकरी तुमची रसायनशास्त्रात गेली, आमच्या विभागाशी तुमचं काही देणंघेणं नव्हतं. जिन्याखाली मी गोणी उपसत बसले होते. तुम्ही थांबलात, एक बाटली उचलली, उजेडाकडे धरली, बूच लावून फिरवून बघितलं आणि विचारलंत, "ही कुणी भरली अशी?" मी काहीच बोलले नाही. "दोन दिवस द्या मला," म्हणालात आणि चपला काढून बाजूला ठेवल्यात.

दोनाचे चार दिवस झाले. पोतं अंथरून तुम्ही व्हरांड्यात बसलेला, शेजारी पाण्याची बादली. बाटली काठोकाठ भरायची, बूच बसवायचं, अर्धा पीळ द्यायचा, उलटी करायची, खिडकीकडे धरून बघायचं. आत बुडबुडा चढला की ते बूच बाजूला, दुसरं हातात. एकेका बाटलीला वीस-वीस बुचं लावून बघितलीत तुम्ही. जोडी जमली की ती काच एक बारीक आवाज करते, तो तुम्हाला कळायचा. मला चार दिवस ऐकूनही कळला नाही. मग शिलाईचा जाड पांढरा दोरा, एक टोक बाटलीच्या गळ्याला, दुसरं बुचाच्या मानेला. गाठ कुठली म्हणून विचारलं तर म्हणालात, निफाडला भावाच्या द्राक्षबागेत काड्या तारेला बांधतात ती. ओढली तर घट्ट होते, सोडायची म्हटली तर एका बोटाने सुटते.

दुपारी मी डबा पुढे केला तर तुम्ही तुमच्याच डब्यातली मिरचीची भाजी माझ्या झाकणात वाढलीत.

पण मामा, मी जे विसरू शकत नाही ते चौथ्या दिवशी संध्याकाळचं आहे. सत्तावन्न बाटल्या जोडून झाल्या होत्या. तीन राहिल्या. त्यांच्या बुचांच्या कडा गोणीत आपटून उडाल्या होत्या, कुठलंच बूच बसेना. मला म्हणावंसं वाटत होतं की राहू द्या, साठ तर साठ, बांधून टाका त्याही. रजिस्टरमध्ये साठच हव्यात. मी खूप थकले होते. तुम्ही त्या तीन बाटल्या वेगळ्या काढल्यात, कागदाचे तीन तुकडे फाडलेत, माझं पेन मागून घेतलंत आणि तुमच्या त्या गोल, सुट्या अक्षरांत लिहिलंत, 'पाणी आणायला, मोजायला नाही.' तीनही बाटल्यांवर. डिंकाने चिकटवून, वरून चिकटपट्टी लावून, पाण्याने अक्षर जाऊ नये म्हणून.

त्या चिठ्ठीचं मोल किती आहे ते मुलांना मी आता दर वेळी सांगते. बाटलीत तीनशे मिलिलिटर पाणी असतं. आधी त्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायचा, मग तशीच दुसरी बाटली 27 अंशांवर तीन दिवस बंद ठेवायची आणि पुन्हा मोजायचा. पाण्यात घाण जास्त, तर ती खाणारे जीवाणू जास्त, तर प्राणवायू जास्त संपतो. जेवढा संपला तेवढी बीओडी. अंघोळीच्या पाण्यात ती लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, असा निकष आहे. आता बूच सैल असेल तर बाहेरची हवा आत शिरते, संपलेला प्राणवायू भरून निघतो आणि आकडा खाली येतो. म्हणजे सैल बुचाची बाटली नदीला आहे त्यापेक्षा स्वच्छ दाखवते. रामकुंडावर बाळाला घेऊन उतरणाऱ्या बाईला ते पाणी चांगलं आहे असं सांगते.

तुम्हाला हे सगळं मी सांगायची गरज नाही, पस्तीस वर्षं तुम्ही बाटल्या धुतल्या आहेत. पण बघा, ज्यांच्या नावापुढे पदव्या आहेत त्यांनी मला आकडे भरून टाका म्हणून सांगितलं. आणि तुम्ही, ज्यांना कुणी विचारणार नव्हतं, ज्यांना एक रुपया मिळणार नव्हता, तुम्ही तीन बाटल्या खोटं बोलतील म्हणून बाजूला ठेवल्यात.

अशी माणसं आहेत आपल्याकडे, सगळीकडे आहेत. रात्रीच्या शेवटच्या बसमधून एकटी मुलगी उतरली की ती गल्लीत वळेपर्यंत बेल न मारणारा कंडक्टर. दुपारी सगळे झोपलेले असताना रोपांना पाणी घालणारा आमचा माळी. त्यांच्यावर कुणी अहवाल लिहीत नाही. माझ्या विभागाच्या वार्षिक अहवालात 'विशेष सहकार्य' असा रकाना असतो, त्यात दर वर्षी पाहुण्यांची नावं जातात. यंदा तुमचं नाव घातलं. कार्यालयाने विचारलं, हे कोण, पद काय लिहायचं? मी सांगितलं, प्रयोगशाळा परिचर, निवृत्त, तसंच लिहा.

परवा दसकच्या पाण्यात मुलांनी काठावरच प्राणवायू दाखवणारी दोन्ही द्रावणं घातली, बूच लावून बाटली उलटीसुलटी केली. वरच्या ठिकाणी गडद तपकिरी साका बसला होता, इथे तो फिकट पडला, म्हणजे प्राणवायू कमी. एका मुलाने विचारलं, मॅडम, आपलं काही चुकलं का? मी बूच तपासलं, दोरा ओढून बघितला. म्हटलं, नाही रे, बाटली बरोबर आहे. मग ती सगळी मुलं गप्प उभी राहून नदीकडे बघत होती. मामा, मला एवढ्यासाठीच हा विभाग चालवायचा होता.

दोरे आता मळलेत. बदलू का म्हणून विचारलं तर मुलं नको म्हणाली.

येत्या रविवारी त्यांना नांदूर मध्यमेश्वरला नेतेय. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथलं पाणीही या वर्षीपासून घ्यायचं ठरवलंय. 2020 ला ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं, पण मुलांना सध्या फक्त पक्षी बघायचे आहेत, तेही बघू. येताना निफाडला तुमच्या भावाच्या बागेत पाच मिनिटं थांबू आणि ती गाठ मुलांना तुम्ही स्वतः शिकवा, मला अजून नीट येत नाही. पहाटे साडेपाचला निमाणी बस स्टँडवर या. मिनीबस आहे, पुढची खिडकीची जागा तुमची. बाटल्यांची पेटी तुमच्या पायाशी ठेवते, म्हणजे खड्ड्यांत कुणीतरी धरून बसेल.

तुमची,
मॅडम