बावीतला कंदील

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

काल फोनची रेंज सारखी जात होती, म्हणून लिहितोय. सोमवारपासून लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून रुजू होतोय. कंत्राटदाराकडे नाही, कंपनीच्याच पटावर. आई, देवीला बोललेला नारळ देऊन टाक.

बाबा, एवढ्या चिमण्या दिसतात, मग तुलाच कशी नोकरी मिळत नाही, असं तुम्ही विचारायचात. पण कायदा कामगार मोजतो. 1948 च्या फॅक्टरी कायद्यात साधारण 1000 कामगार असले की सेफ्टी ऑफिसर सक्तीचा होता. नोव्हेंबर 2025 पासूनच्या नव्या कामगार संहितेत ती अट 500 वर आली, धोकादायक प्रक्रिया असेल तिथं 250 वर. आपल्याकडचे बरेच कारखाने त्याच्याही आतले. जागा मोजक्या आणि सेफ्टीचे डिप्लोमावाले ढीगभर. त्यात मी बीएस्सी. जुन्या नियमांत इंजिनिअरला सुपरवायझरीची 2 वर्षं पुरायची, आम्हाला 5. रिअ‍ॅक्टरपाशी एवढ्या नाइट शिफ्ट काढल्या त्या यासाठीच.

मुलाखतीला बाकावर आम्ही बावीस जण. निम्म्यांकडे नेबॉशचं सेफ्टी सर्टिफिकेट, दोघे तर दुबई करून आलेले. साहेबांनी मला एकच विचारलं: टाकीत उतरलेला माणूस कोसळला, तू वर आहेस, काय करशील?

मला आपल्या विहिरीची, बावीची आठवण झाली. मे महिन्यात गाळ काढायच्या आधी तुम्ही दोरीला कंदील बांधून खाली सोडायचात. एकदा पाण्याच्या हातभर वर तो विझला, आणि तुम्ही गड्याला मजुरी देऊन घरी धाडलंत. फुकटचे पैसे गेले म्हणून आजी दिवसभर धुमसत होती. तेच सांगितलं. म्हटलं, मी उतरणार नाही. माणसं बोलावीन, दोरीनं वर ओढीन, पण श्वासाचा सेट चढवल्याशिवाय आत पाय नाही. नाहीतर पहिल्याला काढायला गेलेला दुसराही तिथंच राहतो.

साहेब हसले. म्हणाले, "इथे कंदील आणू नकोस हो, सॉल्व्हंट आहे, पेट घेईल." इथं मीटर सोडतात. ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली असला तर टाकीत उतरायच्या परमिटवर सही करायची नाही, मग प्लँट मॅनेजर कितीही ओरडो. त्या ओरडण्याचीच थोडी धास्ती आहे.

पगाराचं फोनवर सांगेन. यंदा गाळ काढायला मी येईपर्यंत थांबा. आणि काका डिझेल पंप बावीत उतरवू म्हणतायत ना, त्यांना उतरवू देऊ नका. त्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही.

तुमचा,
बाळू