वेरूळच्या फाटकावरच्या मंडळींना

१७ मार्च २०२० ला बंद झालेली वेरूळची लेणी १० डिसेंबरला उघडली आणि त्याच हिवाळ्यात आईला घेऊन गेलो. तिकीट ऑनलाइन, क्यूआर कोड स्कॅन करून. नेमकी माझ्या फोनला रेंज नाही! रांगेतल्या एका मुलीने तिच्या फोनवरून आमची तिकिटं काढली. पैसे घ्यायलाही तयार नव्हती.

तिचे आभार. ताप तपासणाऱ्या दादांचे, कैलास लेण्यात 'मावशी, मास्क वर घ्या' असं न चिडता प्रत्येकीला सांगणाऱ्या ताईंचे, आणि पर्यटक नसतानाही आवार राखणाऱ्या सगळ्यांचे. (हे शेवटचं काम कुणाच्या लक्षातही येत नाही.) मास्कमुळे तुमचे चेहरे दिसले नाहीत. पेरूवाल्या काकू, तुम्ही वर दिलेला जादाचा पेरू आईनेच खाल्ला बरं का!