सुट्टीत छोटीला इकडंच आण

चिरंजीव बाळास,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला गेलं की तू ‘बरं बरं आप्पा’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून यावेळी लिहूनच पाठवतोय, निवांत वाच.

मे अखेरीला छोटीला ताडोबाला न्यायचं म्हणतोस. नागपूरपर्यंत विमान, पुढं गाडी, मग सफारी. उन्हाळ्यात पाणवठ्यावर वाघ दिसतो हे खरं आहे. पण पाच वर्षांच्या पोरीला भल्या पहाटे उठवून चंद्रपूरच्या त्या उन्हात जिप्सीत बसवायचं, आणि वाघ दिसला नाही तर चौघांनी तोंड पाडून परत यायचं. तिला काय बघायचंय हे तिला विचारलंस का? तुझ्या आईचं तर स्पष्ट मत आहे की वाघ तुलाच बघायचाय.

तू एवढासा असताना आपण सगळे दाजीपूरला गेलो होतो, आठवतंय? काकांच्या जीपमधनं, गवा बघायला. दिवसभर हिंडून गव्याचं शेण आणि चिखलातले खूर तेवढे बघितले. काका येताना राधानगरीपर्यंत ‘पेट्रोल फुकट गेलं’ हेच घोकत होते. तू मात्र एका झाडाखाली मान वर करून उभा होतास, कारण वर शेकरू होतं. तांबूस अंग, खाली लोंबणारी झुपकेदार शेपूट. एका झाडावरनं दुसऱ्यावर उडी मारायचं, थांबायचं, आपल्याकडं बघून ओरडायचं. वनखात्याच्या माणसानं तुला त्याचं घरटं दाखवलं, काटक्या आणि पानांचा गोळा, आणि सांगितलं की एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतं. ‘मग भाडं कोण देतं?’ हा तुझा प्रश्न. गव्याचं नावही तू परत काढलं नाहीस. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे हे तुला शाळेत नंतर कळलं असेल. त्या दिवशी त्यानं काही अडलं नव्हतं.

तर माझं म्हणणं, तिला इकडं कोल्हापूरला आण. दाजीपूर पावसाळ्यात बंद असतं, त्यामुळं मे संपायच्या आत जायला पाहिजे. रंकाळ्यावरनं वाशी नाका, हळदी, भोगावती, राधानगरी, हा रस्ता तुझ्या पायाखालचाच आहे. सकाळी लवकर निघायचं. डबा तुझी आई करणार आहे: भाकरी, झुणका, खर्डा, दही आणि छोटीसाठी गूळ घालून दशम्या. भडंग वाटेत खायला.

हे जंगल म्हणजे एकेकाळचं कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. न्यू पॅलेसच्या म्युझियममधले पेंढा भरलेले प्राणी तू लहानपणी बघितलेस, त्या काचेच्या डोळ्यांच्या वाघापुढनं हलत नव्हतास. पुढं १९५८ साली याच रानात गव्यांसाठी अभयारण्य झालं. म्हणजे ज्या जनावराची मुंडकी भिंतीवर लावायची, त्याच्यासाठी रान राखून ठेवलं. छोटीला आधी म्युझियम दाखवायचं की आधी जंगल, यावर आमच्यात अजून वाद आहे. मी म्हणतो जंगल.

गवा दिसलाच तर गाडीतनं उतरायचं नाही. खांद्याशी सहा फुटांपर्यंत उंच, वजन टनाच्या आसपास, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे चढवल्यासारखे पाय, त्यामुळं पोरांना तो गमतीचा वाटतो. कळपात असला तर बहुतेक वेळा आपल्याकडं बघत बघत निघून जातो. एकटा नर असेल तर जास्त जपायचं. आणि हे कौतुक वाटेतल्या गावात मोठ्यानं करू नकोस. गवे उसात उतरतात, रात्रीत शेत तुडवून जातात, आणि शेतकऱ्याला रात्र रात्र बॅटरी घेऊन जागावं लागतं. त्याला आपला हौसेचा गवा कसा गोड लागेल?

संध्याकाळी परतायची घाई करायची नाही, कारण खरी मजा अंधार पडल्यावर. वळवाचे एक-दोन पाऊस झाले की राधानगरीकडच्या झाडांवर काजवे येतात. एखादं झाड अख्खं लुकलुकतं, विझतं, परत लागतं. नर मादीला बोलावण्यासाठी चमकतात, आणि आपण मोबाईलचा उजेड मारला की त्यांचं बोलणंच मोडतं. लोक तिथं हेडलाइट लावून, गाणी लावून उभे राहतात, मला त्यांचं काय करावं कळत नाही. आपण दिवे बंद करायचे आणि गप्प बसायचं. छोटीला गप्प बसवणं हे तुझं काम.

बाकीच्या दिवसांचं काही ठरवू नकोस. सकाळी तिला मी रंकाळ्यावर नेईन. केंदाळाच्या कडेनं हळदीकुंकू बदकं असतात, चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका आणि मुळाशी लाल, नाव तिला लगेच पाठ होईल. खंड्या तारेवर बसलेला असतो, पाणकावळे पंख पसरून वाळवत बसतात. संध्याकाळी शालिनी पॅलेसच्या बाजूला भेळ. आणि एका रात्री गंगावेशीचा दूध कट्टा. म्हैस समोर उभी, धार थेट ग्लासात, वर हा एवढा फेस. सूनबाईंना कच्च्या दुधाची काळजी वाटेल. त्यांचं बरोबर आहे, छोटीला घरी आणून तापवून देऊ. पण धार काढताना तर बघू दे.

मिसळ तिला झेपेल का ते आधी विचारून ठेव. कट वेगळा मागवता येतो.

येताना बूट आणा, सगळ्यांना. जंगलात चपला चालत नाहीत, कोल्हापुरी असल्या तरी. भडक रंगाचे कपडे नकोत, सेंट मारू नका. तुझी जुनी दुर्बीण माळ्यावर आहे, तिची एक काच सैल झालीये, ती मी बसवून घेतो.

शुक्रवारी रात्रीच निघ, म्हणजे रविवारची रंकाळ्यावरची गर्दी लागायच्या आत आपलं दाजीपूर होऊन जाईल. तारीख नक्की झाली की आईला कळव, दशम्यांचं पीठ दळून आणायचंय.

तुझे,
आप्पा