मी अजून ठरवलेले नाही

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
३० ऑक्टोबर २०२४

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मतदानाला नऊ दिवस उरलेत आणि तुझं अजून ठरत नाही, म्हणजे तू लक्षच देत नाहीस." त्या वेळी मी विषय बदलून फराळाचा डबा मिळाला का, असे विचारले, तू चिडलेली होतीस आणि सणाच्या तोंडावर मला तुझ्याशी वाद घालायचा नव्हता. पण ते वाक्य तीन दिवस मनातून जात नाही. पोस्टाने हे पत्र वेळेत पोहोचणार नाही, म्हणून हाताने लिहून पानांचे फोटो पाठवते आहे. सावकाश वाच.

अध्यक्षपदाच्या या निवडणुकीकडे मी लक्ष देते, मनू. या वर्षी मी जितके लक्ष दिले तितके नागरिकत्वाच्या परीक्षेचा अभ्यास करतानाही दिले नसेल. २७ जूनची बायडन आणि ट्रम्प यांची डिबेट मी शेवटपर्यंत पाहिली, १० सप्टेंबरची हॅरिस आणि ट्रम्प यांची पाहिली, १ ऑक्टोबरला उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांचीही पाहिली. दोन्ही पक्षांचे जाहीरनामे वाचले. रिपब्लिकन पक्षाचा सोळा पानांचा आहे. त्यात वचने पुष्कळ आहेत, पण ती पुरी कशी करणार हे फारसे नाही. डेमोक्रॅटिक पक्षाचा नव्वद पानांच्या आसपास आहे, पण बायडन यांनी माघार घेऊन महिना होत आला तरी त्यात त्यांच्याच दुसऱ्या कारकिर्दीचा उल्लेख तसाच राहिलेला होता. जो कागद मतदारापुढे ठेवायचा तो एकदा नीट वाचूनही पाहू नये, याचे मला फार वाईट वाटले.

माझा प्रश्न एकच आहे आणि तो मी सहा महिने मनाशी धरून बसले आहे. गेली २८ वर्षे माझ्या प्रत्येक पगारातून सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन योजनेचे, ६.२ टक्के कापले जातात, आणि तेवढीच रक्कम मालक भरतो. या योजनेच्या विश्वस्तांच्या यंदाच्या अहवालानुसार निवृत्तिवेतनाचा राखीव निधी २०३३ साली संपेल, आणि पुढे जमा होणाऱ्या करातून ठरलेल्या रकमेपैकी ७९ टक्केच देता येतील. २०३३ साली मी ६७ वर्षांची होईन. माझ्या पिढीसाठी पूर्ण वेतनाचे वयही तेच आहे. उरलेले २१ टक्के कोठून येणार, एवढेच मला दोघांकडून ऐकायचे आहे. कर वाढवणार असाल तर कोणाचा आणि किती, वय वाढवणार असाल तर किती, आणि रक्कमच कमी करणार असाल तर तसे सांगा. मी रागावणार नाही. मला हिशेब करता आला पाहिजे.

ट्रम्प म्हणतात की सोशल सिक्युरिटीला हात लावणार नाही, आणि वर निवृत्तांना मिळणाऱ्या रकमेवरचा कर काढून टाकू. पण तो कर बराचसा याच निधीत जमा होतो. तो काढला तर निधी २०३३ च्याही आधी संपेल, हे ते सांगत नाहीत. हॅरिस म्हणतात की श्रीमंतांना त्यांचा योग्य वाटा भरायला लावू. योग्य म्हणजे किती, कोणत्या वर्षापासून, आणि तेवढ्याने खड्डा भरतो का, हे त्याही सांगत नाहीत.

हे सांगणे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर १९८३ साली ते झालेले आहे. तेव्हाही निधी संपायला थोडेच महिने उरले होते. रेगन अध्यक्ष होते, कनिष्ठ सभागृहाचे सभापती टिप ओनील विरुद्ध पक्षाचे होते, आणि दोघांचे एकमेकांविषयीचे मत काही चांगले नव्हते. तरी ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाचा अहवाल पुढे ठेवून त्यांनी तडजोड केली: निवृत्तीचे वय हळूहळू ६५ वरून ६७ वर नेले, आणि ज्यांचे उत्पन्न बरे होते त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या काही भागावर पहिल्यांदाच कर लावला. दोन्ही बाजूंच्या मतदारांना त्याची झळ बसली. मी ६७ व्या वर्षापर्यंत नोकरी करणार आहे ती त्याच तडजोडीमुळे, आणि तरीही त्या दोघांविषयी मला आदर वाटतो, कारण त्यांनी लोकांना मोठ्या माणसांसारखे वागवले.

आता १० सप्टेंबरची रात्र आठव. पहिलाच प्रश्न हॅरिस यांना होता: चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची स्थिती आज बरी आहे असे तुम्हाला वाटते का? त्यांनी मध्यमवर्गीय घरात वाढल्याचे सांगितले, मुलांसाठीच्या करसवलतीचे आणि लहान उद्योगांसाठीच्या वजावटीचे सांगितले. पण हो की नाही, ते सांगितले नाही. ट्रम्प यांना विचारले की देशभर गर्भपातबंदीचा कायदा आला तर तुम्ही तो नाकाराल का. त्यांनीही सरळ उत्तर दिले नाही. आरोग्यविम्याची योजना कुठे आहे, असे विचारल्यावर योजनेच्या कल्पना आहेत, एवढेच ते म्हणाले. नऊ वर्षे हा माणूस राजकारणात आहे! आणि मग स्प्रिंगफील्डमधले हैतीचे स्थलांतरित लोकांची पाळलेली कुत्री-मांजरे खातात, हे त्यांनी लाखो लोकांसमोर सांगितले. शहराच्या अधिकाऱ्यांकडे तशी विश्वासार्ह तक्रारच नाही, हे निवेदकाने तिथल्या तिथे सांगूनही ते ऐकेनात. मी स्वतः परक्या देशातून इथे आले आहे. त्या गावातल्या आयांनी दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत कसे पाठवले असेल, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

तू म्हणशील, मग ठरले तर. तुझा युक्तिवाद मला ठाऊक आहे: ही निवडणूक पेन्शनची नाही, लोकशाहीची आहे. २०२० चा पराभव ज्यांनी मान्य केला नाही त्यांना पुन्हा अध्यक्ष कसे करायचे, हा तुझा प्रश्न खरा आहे आणि त्यानंतर संसदेवर हल्ला झाला तो ६ जानेवारीचा दिवस मीही विसरलेली नाही. पण दुसऱ्या बाजूनेही माझ्याशी सचोटीने वागायला हवे होते. बायडन यांची अवस्था काय आहे हे २७ जूनपर्यंत आम्हाला का कळू दिले नाही? आणि गेल्या चार वर्षांत तुम्ही वेगळे काय केले असते, असे याच महिन्यात हॅरिस यांना विचारले, तेव्हा तसे काही मनात येत नाही, असे त्या म्हणाल्या. वाणसामानाचे बिल दर आठवड्याला मी भरते, मनू. मला त्या उत्तराने वाईट वाटले. दोन चुका सारख्याच वजनाच्या आहेत असे मी म्हणत नाही. त्या तोलायला मला वेळ लागतो आहे, आणि तोलणे म्हणजे दुर्लक्ष करणे नव्हे, एवढेच म्हणते.

तुमच्या कॅलिफोर्नियात निकाल आधीच ठाऊक असतो. तिथे १९८८ नंतर अध्यक्षपदाचा रिपब्लिकन उमेदवार जिंकलेला नाही. इथली गोष्ट वेगळी आहे. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातल्या पेनसिल्व्हेनियाच्या १९ मतांवर सगळ्यांचा डोळा आहे. २०१६ मध्ये इथला फरक सुमारे ४४ हजार मतांचा होता, २०२० मध्ये सुमारे ८० हजारांचा, आणि तोही उलट बाजूने. त्यामुळे पत्रपेटीत रोज गुळगुळीत कागदाची पाच-सहा पत्रके येतात आणि प्रत्येकावर समोरच्या उमेदवाराचाच फोटो असतो, काळपट केलेला. मागच्या शनिवारी एका बाजूचा तरुण स्वयंसेवक दारात आला. पोरगा नम्र होता, मी त्याला पाणी दिले. तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता, असे त्याने विचारले तेव्हा मी २०३३ चे सांगितले. त्याने फोनमधली यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाला, "हे यात नाही, 'महागाई' लिहू का?" मी लिही म्हटले. त्याचा काही दोष नव्हता, पण त्यानंतर बराच वेळ मी दारातच उभी होते.

आणि हा आठवडा तर एका शब्दात गेला. रविवारी न्यूयॉर्कमध्ये ट्रम्प यांच्या सभेत एका विनोदकाराने पोर्टो रिको या अमेरिकेच्याच बेटाला तरंगता कचरा म्हटले. काल रात्री बायडन यांच्या एका वाक्यातून ट्रम्प यांच्या समर्थकांनाच कचरा म्हटल्याचा अर्थ निघाला, आणि व्हाइट हाऊसला खुलासा करावा लागला. माझ्या प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर पोर्टो रिकोची बाई बसते, आणि समोरच्या टेबलावर ट्रम्प यांची टोपी घालून येणारा माणूस. आज दोघेही दिवसभर गप्प होते. सांगलीला आमच्या घरी बाबा काँग्रेसचे आणि काका शेतकरी कामगार पक्षाचे. जेवताना आवाज चढत, आई दोघांना दटावीत असे. पण ते भांडत ते उसाला दर किती मिळाला आणि कारखान्याने उरलेले पैसे का दिले नाहीत, यावर. अकरा-बारा वर्षांच्या मलाही दोघांचे म्हणणे समजत असे.

तू सहावीत असताना आपण फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये गेलो होतो, आठवते? यंदाची ती डिबेट त्याच इमारतीत झाली. तिथे राज्यघटनेच्या वेळच्या ४२ लोकांचे पूर्णाकृती कांस्य पुतळे आहेत, आणि तू फ्रँकलिनच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घेतलास. त्यांतल्या ३९ जणांनी सही केली. मेसन, रँडॉल्फ आणि गेरी या तिघांनी केली नाही, तरी त्यांचेही पुतळे त्याच दालनात उभे आहेत. ८१ वर्षांच्या फ्रँकलिनचे भाषण त्या दिवशी दुसऱ्याने वाचून दाखवले होते. या घटनेतले काही भाग मला आज पटत नाहीत, पण ते कधीच पटणार नाहीत अशी खात्री मी देऊ शकत नाही, कारण वय वाढले तशी मला स्वतःच्या निर्णयाविषयी शंका जास्त येऊ लागली आहे, असे त्याचे म्हणणे होते. तरीही त्याने सही केली. मी मतदान करणार आहे, मनू. घरी बसणार नाही, आणि कोरी मतपत्रिकाही टाकणार नाही. आजवर मी दोन्ही पक्षांना मत दिले आहे आणि दोन्ही वेळा पूर्ण विचार करून दिले आहे.

म्हणून तुझ्याकडे एक मागणे आहे. येत्या रविवारी भाऊबीज आहे. तुझ्या दादाला ओवाळायला तू फोनवर येशीलच. त्याच दिवशी घड्याळ एक तास मागे जाते, तेव्हा तुझ्याकडेही वेळ असेल. ओवाळून झाल्यावर पंधरा मिनिटे मला दे आणि तुझ्या उमेदवाराला मत का द्यावे ते सांग, पण त्यात समोरच्याचे नाव एकदाही घेऊ नकोस. त्या काय करतील, कशाने करतील, पैसा कोठून आणतील, एवढेच सांग. दादाला मी दुसऱ्या बाजूने हेच करायला सांगितले आहे. मी वही घेऊन बसेन आणि मध्ये बोलणार नाही. मंगळवारी कामावर जाण्याआधी, सात वाजता केंद्र उघडताच, मी रांगेत असेन.

डब्यातल्या करंज्या आधी संपव, त्या टिकत नाहीत.

तुझी,
आई