जिन्याच्या वळणावर

प्रिय मित्रा,

गेल्या महिन्यात आलास तेव्हा आपण दोघं जिना चढत होतो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तू थांबलास आणि खिशातून मोबाईल काढलास. मोबाईल वाजला नव्हता. तू त्याच्याकडे बघतही नव्हतास. एक हात कठड्यावर, खांदे वर उचललेले, ओठांचा चंबू करून तू सावकाश श्वास सोडत होतास. वहिनी वर दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर विषय काढावासा वाटला नाही. पण ते वळण डोक्यातून जात नाही. फोनवर तू मला दोन वाक्यांत गप्प बसवशील, म्हणून लिहितोय.

माझं काम तुला ठाऊक आहे. वीस वर्षं झाली, लोकांच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी द्यायची आणि ओरडायचं, ‘भरा, भरा, अजून भरा... आता जोरात सोडा! सोडत राहा, सोडत राहा!’ फौजेतून आलेला माणूस मला कागद न बघता ओळखू येतो. पाठ ताठ असते, सूचना एकदाच द्यावी लागते, आणि ‘दम लागतो का?’ या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं : ‘विशेष नाही. वय झालं, एवढंच.’ मग तो फुंकतो, आणि पडद्यावरची रेघ मधोमध खचलेली दिसते. श्वास बाहेर पडायची वाट अरुंद झाली की ती अशीच खचते. ती वाट कायमची अरुंद होण्याच्या आजाराला सीओपीडी म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली त्याने जगभरात सुमारे ३५ लाख माणसं नेली.

तुझ्यासारख्या माजी सैनिकांच्या बाबतीत एक गोष्ट मला फार छळते, ती आधी सांगतो. आम्ही जो आकडा मोजतो, म्हणजे पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर टाकलीस तो, त्याची तुलना तुझ्या वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसाशी करतो. अपेक्षेच्या ८० टक्के किंवा वर आला की अहवालावर बहुधा ‘सामान्य’ असं छापलं जातं. पण सैनिक मुळात निवडून घेतलेला असतो. समज, भरतीच्या वेळी तुझा आकडा ११५ टक्के होता. आज तो ८५ आला, तर कागद म्हणेल सगळं ठीक. मधले ३० टक्के कुठे गेले हे कोणी विचारणार नाही, कारण पहिला आकडा कोणी टिपूनच ठेवलेला नाही. मोठी पुंजी असलेल्या माणसाचं नुकसान उशिरा दिसतं, तसं हे आहे. आणि वर तुमची सवय, कुरकुर न करण्याची. दोन्ही मिळून माणूस आमच्याकडे येतो तो थेट रात्री, तातडीच्या दारातून, स्ट्रेचरवर.

गंमत नाही, पण विचित्र वाटतं. लंडनच्या जॉन हचिन्सन या डॉक्टरने १८४६ साली हे फुंकण्याचं यंत्र जगापुढे मांडलं तेव्हा त्याने दोन हजारांवर माणसं तपासली होती, आणि त्यांत सैनिक, खलाशी, अग्निशमन दलाची माणसं होती. धडधाकट छाती म्हणजे किती हवा, हे जग तुमच्यासारख्यांकडूनच शिकलं. तरी आजही भरतीच्या दिवशीचा आकडा सोबत घेऊन आलेला माजी सैनिक मी एकही पाहिलेला नाही.

आणि आमचं यंत्र सगळंच पकडतं असंही नाही. अमेरिकेत इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या ८० सैनिकांना धावण्याची चाचणी जमेना, दम लागे. क्ष-किरण चित्रं बहुतेकांची स्वच्छ. त्यांतल्या ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तर ३८ जणांत अगदी बारीक श्वासनलिका व्रण धरून आवळल्या गेलेल्या निघाल्या. २०११ साली हे छापून आलं. त्यांतले बरेच जण २००३ साली मोसुलजवळ गंधकाचा कारखाना जवळपास महिनाभर जळत होता, त्याच्या धुरात राहिले होते. ही माणसं खोटं बोलत नव्हती. म्हणून सांगतो, अहवाल सामान्य आला तरी तुझा दम खरा आहे, आणि तो तू डॉक्टरांना सांगितलाच पाहिजेस.

धूर म्हटलं की तुझ्या गोष्टी आठवतात. तंबूच्या मागे रात्रभर चालणारा डिझेलचा जनरेटर, आणि खड्ड्यात कचरा, प्लास्टिक, जुन्या बॅटऱ्या एकत्र टाकून लावलेली आग. तू ते हसत सांगायचास. तशाच खड्ड्यांशेजारी राहिलेल्या सैनिकांना अमेरिकेत वर्षानुवर्षं सिद्ध करावं लागत होतं की आजार त्या धुरामुळेच झाला. कोणत्या दिवशी काय जळलं याची नोंद कुठून आणणार? बहुतेक दावे फेटाळले जात. १० ऑगस्ट २०२२ रोजी ‘पॅक्ट’ कायद्यावर सही झाली आणि ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात नोकरी केलेल्यांचे सीओपीडी, फुप्फुसं कडक होणं यांसारखे आजार नोकरीमुळेच झाले असं धरून चालायचं ठरलं. दम लागलेल्या माणसाला पुरावा शोधत फिरवायचं नाही, इतकी साधी गोष्ट. तिला इतकी वर्षं लागली याचा मला राग येतो.

सिगारेटचं बोलायलाच हवं. अमेरिकेच्या सैन्यात १९७५ पर्यंत शिध्याच्या पाकिटात सिगारेटी येत. पहाऱ्यावर जागं राहायला, भीती घालवायला, सोबत्याशी दोन शब्द बोलायला निमित्त म्हणून तूही आपल्या फौजेतच शिकलास. त्याबद्दल तुला बोल लावणार नाही. पण ‘आता सोडून काय उपयोग’ हे तुझं म्हणणं चूक आहे. तिशीनंतर धडधाकट माणसाचाही आकडा वर्षाला ३० मिलिलिटरच्या आसपास घसरतो. ज्यांची फुप्फुसं धुराला बळी पडतात त्यांची घसरण त्याच्या दुपटीने, कधी जास्त. फ्लेचर आणि पेटो या ब्रिटिश संशोधकांनी १९७७ साली दाखवून दिलं की सिगारेट सोडली की घसरणीचा वेग न ओढणाऱ्याच्या जवळपास येतो. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकतं. तुझ्याकडे उरलेलं अजून पुष्कळ असेल.

आता ओझ्याबद्दल. या आजाराचा खरा खर्च रोजच्या औषधाचा नाही. सर्दी-खोकला होतो, दम अचानक वाढतो, दवाखान्यात भरती व्हावं लागतं, तिथे खर्च होतो. अमेरिकेतल्या वयस्क रुग्णांत साधारण पाचातला एक जण महिन्याच्या आत पुन्हा भरती होतो. दर वेळी थोडं फुप्फुस कायमचं कमी होऊ शकतं, स्टिरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, हृदय थकतं. माणूस चालणं टाळतो, मग पाय बारीक होतात, मग थोड्या चालण्यानेही दम लागतो. खूपजण मनाने खचतात. ज्यांच्या डोक्यात जुन्या रात्री अजून चालू आहेत, त्यांना श्वास कोंडला की सगळं परत येतं.

आणि हिशेबात न येणारं एक ओझं घरात असतं. आमच्याकडे एक माजी सैनिक यायचे. रक्तातला प्राणवायू कायम कमी, म्हणून दिवसाचे निदान १५ तास प्राणवायूच्या यंत्रावर राहायचं. इतके तास घेतला तर अशा माणसाचं आयुष्य वाढतं, हे १९८०-८१ च्या चाचण्यांपासून माहीत आहे. त्यांच्या बायकोची एक वही होती. तिच्यात रोजचे आकडे, थुंकीचा रंग, किती पावलं चालले, सगळं. मी एकदा विचारलं, तुम्ही झोपता कधी? म्हणाल्या, ‘यंत्राचा आवाज ऐकत झोपते. आवाज बदलला की जाग येते.’ त्यांच्या नवऱ्याला आधीच्या दवाखान्यात चार वर्षं ‘वयाचा दम’ म्हणून परत पाठवलं होतं. चार वर्षांत नळीत फुंकायला कोणी सांगितलं नाही. मला वहिनींच्या हातात तशी वही बघायची नाही, मित्रा.

उपाय आहेत. फवाऱ्याचं औषध बरेच जण चुकीचं घेतात. दाबतात आधी, ओढतात नंतर, आणि दहा सेकंद श्वास धरत नाहीत. ते मी तुला स्वतः शिकवीन. सहा-आठ आठवड्यांचा चालण्याचा, ताकदीचा आणि श्वासाचा कार्यक्रम असतो. दम कमी होतो, भरती होणं कमी होतं. त्याला ना शस्त्रक्रिया लागते ना महागडं यंत्र, तरी तिथे पाठवले जाणारे लोक मोजकेच. तू तर कवायतीचा माणूस, तुला ते सगळ्यांत आधी जमेल.

पुढच्या आठवड्यात कुठला दिवस सोयीचा ते कळव. त्या दिवशी सकाळपासून सिगारेट नको. पोट भरलेलं नको, कमरेचा पट्टा सैल असू दे. आधी तीन वेळा तरी फुंकायला लावीन, मग औषधाचा फवारा देऊन पंधरा-वीस मिनिटं बसवीन आणि पुन्हा फुंकायला लावीन. त्या मधल्या वेळात बाहेर बाकावर बसू. आकडा काहीही येवो, आपण तो तारखेसह लिहून ठेवू. आणि जिना चढू नकोस, माझी खोली तळमजल्यावरच आहे.

तुझाच,
एका बाकावरचा सोबती